कडब्याच्या भिंतीआडचा धूर

आमच्या सोसायटीत कुणाच्या बॅगा भरलेल्या दिसल्या की चौकशी ठरलेली. आम्ही "कळसला चाललोय" म्हटल्यावर शेजारच्या काकूंना कळसूबाई वाटलं, आणि नाकात नळी असलेल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला ही दोघं शिखरावर कशी चढवणार, या विचाराने त्या हबकल्याच. मग सांगावं लागलं की हे कळस इंदापूर तालुक्यातलं गाव. तिथे शिखर नाही. ऊस आहे, गाई आहेत आणि माझे मामा आहेत. भिगवणच्या बाजूला लोक पक्षी बघायला जातात, आम्ही मामा बघायला निघालो होतो.

मामा बघायला म्हणजे आईला तिचा भाऊ बघायला. आईची फुप्फुसं गेली काही वर्षं आकसत चालली आहेत. हे मागे फिरवणारं औषध नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आईला न सांगताच ते कळलं होतं. तिच्या खाटेशेजारी एक यंत्र असतं. ते खोलीतली हवा ओढतं, त्यातला प्राणवायू गाळतं आणि नळीवाटे तिच्या नाकात सोडतं. घरात आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणतो. मशीनला वीज लागते, त्यामुळे आई विजेच्या बटणाला बांधली गेली होती. दिवाळीनंतर तिने धोशाच लावला. मला एकदा भावाच्या दारात बसायचंय, तेवढं कर, मग काय व्हायचं ते होऊ दे. असं बोलणं ऐकलं की मला राग येतो.

उपाय मिलिंदने शोधला. मिलिंद माझा नवरा. एका कारखान्याच्या देखभाल विभागातून तो निवृत्त झाला आणि घरात काहीच बिघडत नाही याचं त्याला दुःख होऊ लागलं. त्याने शाळेची मुलं नेणारी एक जुनी मोठी व्हॅन विकत घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. मागे आईसाठी पलंग, मध्ये ओटा आणि बेसिन, पुढे बाकडं, छताला एसी. एसी आणि मशीन दोन्ही चालावं म्हणून मागच्या बंपरवर पत्र्याच्या पेटीत पेट्रोलचा जनरेटर. त्याच्या धुराची नळी पेटीखालून जमिनीकडे वळवलेली. ज्या गॅरेजवाल्याने मदत केली त्याने ओट्याजवळ एक पांढरी डबीही लावून दिली होती. "गॅसचा अलार्म हाय वहिनी," एवढं तो म्हणाला, आणि आम्ही स्वयंपाकाचा गॅस असं समजून चाललो.

माझं म्हणाल तर मी औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत आयुष्य घालवलं. तिथे एक सवय लागते. सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की मला शंका येते. या सवयीपायी मी आमच्या नातेवाइकांत फारशी लोकप्रिय नाही. आईच्या डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला तेव्हाही मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी एक भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत घ्यायचा असं ठरवून घेतलं. मिलिंद म्हणाला, एवढ्या तयारीत लोक चंद्रावर जातात.

काटेवाडी

बारामती ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं लागतं. मार्च सरत आला होता, ऊन चटके देत होतं, पण कालव्याच्या पाण्यावर उभा ऊस ताजातवाना होता. आई खिडकीला नाक लावून बसली होती आणि कुणाचं रान कुठून कुठपर्यंत होतं हे सांगत होती. तिने सांगितलेल्या निम्म्या रानांत आता बंगले होते, ते तिने मनावर घेतलं नाही.

काटेवाडीच्या पुढे कालव्याजवळ झाडांची सावली बघून आम्ही जेवायला थांबलो. गाडी उभी राहते न राहते तोच मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवलेला एक माणूस थांबला आणि परवानगी न विचारता आत डोकावला. पुण्यात याला आगाऊपणा म्हणतात, इथे चौकशी म्हणतात. मिलिंदला तर असा माणूस हवाच होता. त्याने पलंग उघडून दाखवला, ओटा दाखवला, मागचा जनरेटर सुरू करून दाखवला. पाहुण्याने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ह्यात संडासबी हाय?" आहे म्हटल्यावर तो विचारात पडला. "मग भांडान झाल्यावर मानसानं जायाचं कुठं?" जाताना तो कॅनच्या झाकणात थोडं दूध देऊन गेला.

मी पिठल्याला फोडणी टाकली आणि शेजारच्या तव्यावर ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. एसी चालू, खिडक्या बंद, छताचा पंखा हवा बाहेर फेकतोय, मागे जनरेटर घरघरतोय. मिरचीचा खकाणा उठला आणि आम्ही तिघं खोकायला लागलो. तेवढ्यात भिंतीवरची पांढरी डबी किंचाळू लागली. आईचा खोकला थांबेना, तिचे ओठ काळसर दिसायला लागले, आणि त्या डबीच्या आवाजाने माझं डोकं फिरलं. मी मिलिंदवर ओरडले की आधी ते बंद कर. त्याने डबी ओढून काढली, तिचे सेल काढले आणि खणात टॉवेलांच्या खाली टाकून दिली. आई सावरली. ज्याला ठेचा सोसत नाही त्याने बारामती तालुक्यात यावं कशाला, असं ती म्हणाली आणि आम्ही हसलो.

दुपारभर माझं डोकं ठणकत होतं. उन्हाने, असं मी स्वतःला सांगितलं.

कळस

मामांचं घर गावापासून जरा बाजूला, रानात. पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, डावीकडे गोठा, गोठ्यामागे कडब्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळक्या ताटांची, गंज. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मामांच्या मुलांचे पदवी घेतानाचे फोटो. मुलं नोकरीला, एक नागपूरला आणि एक हैदराबादला. इथे मामा, मामी आणि चार जर्शी गाई. गावात मामांना गौतमतात्या म्हणतात. आईसाठी मात्र तो अजून गौत्याच आहे.

मामांनी "जय भीम" म्हणत गाडीचं दार उघडलं आणि आईला बघून ते दार धरूनच उभे राहिले. आईला बारीक झालेलं त्यांनी फोनवर पाहिलं होतं, पण फोनवर माणूस छातीपर्यंतच दिसतं. त्यांनी तिला धरून उतरवलं, घराच्या उंबऱ्यावर बसवलं, घरात लावलेल्या मशीनची लांब नळी खिडकीतून बाहेर काढून दिली. आई तिथे बसली. समोर ऊस, उसावर वारा. पुण्यात माझ्याशी शुद्ध बोलणारी माझी आई संध्याकाळपर्यंत "हितं", "तितं" करायला लागली होती.

संध्याकाळी व्होल्टेज इतकं खाली गेलं की मशीन कुरकुरायला लागलं. मिलिंदने गाडी गोठ्याजवळ सावलीत लावली होती, तिथेच जनरेटर सुरू करून मशीनला तिकडून वीज दिली. नेमकी ती धारांची वेळ होती. मामा बादली घेऊन गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्यांनी आम्हाला आणखी दूध घालून चहा दिला. खरा प्रकार मला मामींकडून कळला, तोही भांडी घासताना.

"लालीनं पान्हा चोरला बगा. घरघर ऐकली की कान टवकारती आन दूध वर वढून घेती. तिचं बगून बाकीच्याबी."

ज्यांनी गाई पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गाय मनाने दूध सोडते, त्याला पान्हा म्हणतात. ती घाबरली, बुजली, परकं माणूस किंवा परका आवाज आला, की कासेत दूध असून सोडत नाही. ते नुसतं त्या वेळेचं दूध जात नाही, कास दुखायला लागते, गाय बिघडते. आमच्या सोसायटीत कुणाच्या जनरेटरचा त्रास झाला असता तर ग्रुपवर रात्रीपर्यंत पन्नास मेसेज आले असते. इथे मामांनी आमच्या कपात दूध वाढवलं होतं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी मिलिंदला म्हटलं, उद्या काहीही झालं तरी गाईंना त्रास होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी तारांच्या कामासाठी दुपारभर लाईट नसणार असं गावातून कळलं. पत्र्याखाली आई भाजून निघाली असती, म्हणजे दुपार गाडीत, एसीत काढायची, म्हणजे जनरेटर. गाडी लांब लावावी तर दुसरीकडे सावली नव्हती. मामांनी आणि मिलिंदने डोकं लावलं. आवाज अडवायचा. मामांकडे कडबा होताच. त्यांनी गंजीतल्या पेंढ्या आणून गाडीच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना छातीइतकी भिंत रचली.

मी अर्थातच विरोध केला. कडबा आणि तापलेला जनरेटर शेजारी ठेवताय, आग लागेल. माझं म्हणणं दोघांनाही पटलं. मग पेंढ्या हातभर मागे सरकवल्या, मधल्या जागेत ओली गोणपाटं टांगली, खालच्या फटीतून ठिणगी जाऊ नये म्हणून तीही गोणपाटानेच बुजवली, आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. मी स्वतः फिरून प्रत्येक गोणपाट ओलं आहे का ते हात लावून पाहिलं. इतकं चोख काम झालं की मला समाधान वाटलं. आमच्या तिघांच्याही डोक्यात धूर म्हणजे आगीचाच होता.

आवाज खरंच दबला. गोठ्यात लाली रवंथ करत उभी राहिली. मामा म्हणाले, "आता न्हाय चोरायची."

आई मागच्या पलंगावर आडवी झाली, मी पुढच्या बाकड्यावर. मशीन तिच्या उशाशी चालू होतं, एसी गार होता. बाहेर मिलिंद आणि मामा गोठ्याजवळच्या कडुलिंबाखाली बोलत बसले होते. ओल्या गोणपाटाचा आणि शेणाचा वास येत होता, त्यात दुसरा कुठला वास असेल तर तो वेगळा कळण्यासारखा नव्हता. माझे डोळे मिटले.

जाग आली ती आईच्या आवाजाने. ती म्हणत होती, "शके, पानी आन." शकुंतला तिची धाकटी बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झाली. स्वप्नात असेल असं समजून मी उठले. डोक्यात घण पडत होते आणि मळमळत होतं. आईच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. नळी लावूनही तिचा आकडा एक्याण्णव-ब्याण्णवच्या वर जात नाही, हे मला पाठ होतं. चिमट्यावर अठ्ठ्याण्णव होतं.

खिडकीबाहेर मिलिंद दिसला. मी काचेतून त्याला आकडा दाखवला. तो हसला आणि त्याने मामांना सांगितलं असावं, कारण मामांनी वर बघून हात जोडले. गावची हवा मानवली, असं त्यांच्या तोंडाच्या हालचालीवरून मला कळलं.

मीही क्षणभर खूश झाले. मग नेहमीची ती शंका आली. कंपनीत सगळे नमुने एकदम उत्तम आले की आम्ही औषधाचं कौतुक करत नसू, आधी यंत्र तपासायचो. आईची फुप्फुसं एका दुपारीत बरी होणार नव्हती. आकडा चांगला आणि माणूस बरळतंय, यातलं एक खोटं होतं, आणि आई तर माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचे गाल गुलाबी दिसत होते. तिने मला ओळखलं नव्हतं. मी चिमटा माझ्या बोटाला लावला, मलाही छान आकडा आला, आणि माझे गुडघे माझ्या ताब्यात नव्हते.

कसं सुचलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. धूर असा शब्द मनात आला नव्हता. फक्त एवढं कळलं की या डब्यात काहीतरी आहे आणि मशीन तेच ओढून आईला देतंय. मी दाराकडे गेले. कडी हाताला लागेना. लागली तेव्हा मी दारासकट पायरीवर कोसळले. मिलिंदला मारलेली हाक मला स्वतःलाच लांबून आल्यासारखी वाटली.

"आईला बाहेर काढ. आधी आईला."

मिलिंद आत धावला. मामा मागून. दोघांनी तिला गोधडीसकट उचललं. मिलिंदने परत जाऊन जनरेटर बंद केला आणि सिलिंडर आणला. लिंबाखाली मी सिलिंडरची नळी तिच्या नाकाला लावली, मामींनी तिचं डोकं धरलं. आईला उलटी झाली. तिने डोळे उघडले, पण तिचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी तिला तिच्या भावाच्या दारात मरायला घेऊन आले.

इंदापूर

मामींचे उपचार इंदापूरच्या एका दवाखान्यात चालायचे, तिकडेच निघालो. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, जनरेटर बंद, आई पलंगावर, मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. सिलिंडर किती वेळ पुरेल ते माझ्या डोक्यात फिरत होतं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन दोन ट्रॉल्या, पार मधोमध. एरवी ट्रॅक्टरवरची मोठ्याने लावलेली गाणी मला मजेची वाटतात. त्या दिवशी त्या गाण्यांमुळे त्यांना आमचा हॉर्न ऐकू येत नव्हता. मिलिंद कधीही शिव्या देत नाही, त्या रस्त्यावर त्याने त्याच्या वाट्याच्या सगळ्या देऊन टाकल्या.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चिमट्याकडे पाहिलंही नाही. गाडीत काय चालू होतं एवढंच विचारलं, आईला मास्क लावला, रक्त तपासायला घेतलं, माझंही घेतलं. मग तिने समजावून सांगितलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि चिमट्याला तो आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. रक्त विषाने भरलं तरी आकडा चांगला दिसतो. "आकडा कमी दाखवला असता तर तुम्ही लगेच धावला असता," ती म्हणाली. "त्याने तुम्हाला बसवून ठेवलं."

खोलीबाहेरच्या बाकावर मामा बसून होते. धोतराचा सोगा हातात गच्च धरलेला. मी शेजारी बसले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"हिरीत इंजान चालवत न्हाईत, पोरी, आत धूर कोंडतो. मला ठावं हाय. आमच्या शिवारात एक मानूस तसाच गेलेला, खाली उतारला आन वर आलाच न्हाय. गावातल्या पोरास्नी मी सांगत असतो. आन गाडीभवती मीच हीर बांदली."

मी म्हटलं, मामा, गोणपाटं ओली आहेत का ते मी बघितलं होतं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि धारा राहिल्यात म्हणून एसटीने कळसला निघून गेले.

आईला रात्रीपर्यंत शुद्ध आली आणि तिने मला माझ्या नावाने हाक मारली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग बाहेर येऊन मिलिंदशी भांडले, कारण कुणाशी तरी भांडायला हवं होतं. त्याने खणातली डबी आणून दिव्याखाली धरली. मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं. ती स्वयंपाकाच्या गॅससाठी नव्हती, धुरासाठीही नव्हती. ती याच वायूसाठी होती. ठेच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. काटेवाडीला छताचा पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, आणि तिच्या जागी गाडीच्या तळातून जनरेटरचा धूर आत येत होता. डबी ओरडून तेच सांगत होती, आणि आम्ही तिला टॉवेलांखाली कोंबलं.

आई दवाखान्यात असताना मिलिंद गाडी घेऊन एका गॅरेजात बसला. अशी गाडी घेणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते, बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल. गाडीच्या तळाला पाइपांसाठी पाडलेली भोकं होती, बेसिनखालचं तर बोटभर मोकळं होतं. ती सगळी बुजवली. पलंगाखालचा पत्रा जनरेटरच्या पेटीला लागून होता, तिथला सांधाही भरून घेतला. धुराची नळी जमिनीकडे वळवण्यातच मूळ चूक होती, गाडीखाली धूर साठतो आणि फट मिळेल तिथून वर येतो. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, त्याचा सायलेन्सर बॉनेटमधून सरळ आभाळाकडे गेलेला. मिलिंद त्याच्याकडे बघून म्हणाला, मी मूर्ख आहे. मग तसाच उंच पाइप जनरेटरला जोडला, छताच्या वर आणि खिडक्यांपासून लांब. डबी पुन्हा लागली, पलंगाच्या उशाशी, आणि आणखी एक पुढे. तरीही जनरेटर चालू असताना गाडीत कुणी झोपायचं नाही आणि गाडीभोवती कशाचाही आडोसा करायचा नाही, हे आम्ही ठरवलं. पाइप कितीही उंच असला तरी वारा आपल्या सोयीने वाहत नाही.

पुन्हा कळस

डॉक्टरने सोडताना सांगितलं, आता थेट घरी न्या. मलाही तेच हवं होतं. मी मनाने पुण्यात पोचलेच होते. गाडीत बसवल्यावर आईने विचारलं, गाडी कुठं चाललीय. मी म्हटलं, घरी. तिने नळी हाताने बाजूला केली, म्हणजे तिला नीट बोलायचं होतं.

"आत्ता पुन्याला गेले तर त्यो जन्मभर म्हनंल, आक्काला माज्या दारातनं उचलून न्यावं लागलं. मी काय लई दिसांची न्हाय. त्याच्या माथी हे ठिवून मी जानार न्हाय. मला कळसला ने."

मी वाद घातला. उन्हाचा, विजेचा, डॉक्टरचा. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी मिलिंदने मला न विचारता गाडी वळवली. मी त्याच्यावर चिडले, आणि मनातून मला बरंही वाटलं.

दारात मामी होत्या, मामा नव्हते. गोठ्यामागची कडब्याची गंज जागेवर नव्हती. मामांनी ती सगळी एकट्याने वाहून रानाच्या पार टोकाला नेऊन रचली होती, आता वैरणीला रोज तेवढी तंगडतोड करावी लागणार होती. मामा गोठ्यात आमच्याकडे पाठ करून गाईच्या अंगावरून हात फिरवत बसले होते. गाडीचा आवाज त्यांनी ऐकला नसेल, असं होणं शक्य नव्हतं.

आई माझ्या खांद्याचा आधार घेत उंबऱ्यावर जाऊन बसली. भरून आणलेला सिलिंडर मी तिच्याशेजारी उभा केला. दम खायला तिला बराच वेळ लागला.

"गौत्या, हिकडं ये."

मामा आले. पायरीच्या खाली उभे राहिले. आईच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिले, तिच्याकडे बघेनात. मला वाटलं आता आई त्यांची समजूत काढेल, तुझी चूक नाही म्हणेल. मी तेच म्हटलं असतं.

"जेवलास का?"

मामांनी मान खाली घातली. "न्हाय."

"कवापास्नं?"

आतून मामींनी सांगितलं की इंदापूरहून आल्यापासून नुसता चहा चाललाय, कितीदा ताट वाढलं आणि कितीदा उचललं.

"मग बस," आई म्हणाली. "मीबी न्हाय जेवले. दवाखान्यातलं गिळवत न्हवतं."

मामींनी दोन ताटं आणली. आईने एक परत पाठवलं. ज्वारीची भाकरी तिने मधून मोडली आणि अर्धी मामांपुढे केली. मामा पायरीवर बसले. पहिला घास त्यांनी हातात नुसता धरून ठेवला, आई बघतेय म्हटल्यावर तोंडात घातला, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. आईला एका घासामागे चार वेळा थांबून श्वास घ्यावा लागतो. मामा तिचा घास होईपर्यंत थांबायचे आणि मगच आपला घ्यायचे. एवढी एक भाकरी, पण ती संपायला फार वेळ लागला, आणि तोवर आमच्यातलं कुणी जागचं उठलं नाही.